कोनफ्लॉवरचं बोंड

मे महिना लागला की शिकागोच्या पश्चिमेकडल्या आमच्या उपनगरात नर्सऱ्यांपुढे गाडी लावायला जागा मिळत नाही. लांबलचक थंडी अंगावर काढलेली माणसं ढकलगाड्या घेऊन रोपांच्या रांगांमधून हिंडत असतात. कोनफ्लॉवरच्या कुंडीत तेव्हा फूल नसतं. खरखरीत पानांचा एक झुपका असतो आणि त्यात खोचलेली चित्राची पट्टी. माणसं पट्टीवरच्या पाकळ्यांचा रंग बघतात आणि कुंडी उचलतात. गुलाबी, पांढरा, पिवळा, शेंदरी, हल्ली तर कलिंगडीसुद्धा. मला दर वेळी वाटतं, यांना थांबवून सांगावं, की पाकळ्या नका बघू, बोंड बघा. पाकळ्यांच्या मधोमध ते काटेरी, तांबूस बोंड वर आलेलं दिसतंय ना, या झाडाचा सगळा संसार त्याच्यात आहे. हे झाड सांभाळायचं म्हणजे खरं तर ते बोंडच सांभाळायचं.

माझ्या अंगणात जांभळ्या कोनफ्लॉवरचा, म्हणजे एकिनेशिया पर्प्युरियाचा, एक मोठा पट्टा आहे. जांभळा हे म्हणायला. प्रत्यक्षात रंग राणीकडे झुकणारा गुलाबी. जूनच्या अखेरीस कळी उघडते तेव्हा बोंड ही नुसती सपाट हिरवी चकती असते आणि पाकळ्या आखूड, हिरवट, वर तोंड केलेल्या. हळूहळू पाकळ्या लांबतात, रंग धरतात, आडव्या होतात आणि मग खाली झुकायला लागतात. इकडे चकती फुगून घुमटाकार होते. तिच्यावरचे ताठ काटे ही फुलं नव्हेत. प्रत्येक इवल्या फुलाला आडोसा देणारं ते एकेक टोकदार छदपान आहे, बुडाशी हिरवट-किरमिजी आणि टोकाला भडक केशरी. उन्हात तिरपं बघितलं तर त्या केशरी टोकांच्या रांगा डावीकडून आणि उजवीकडून वळत वळत मध्याकडे जाताना दिसतात. बोट दाबलं तर चांगली टोचतात. खरी फुलं या काट्यांच्या बेचक्यात बसलेली असतात, शेकड्यांनी, आणि इतकी बारीक की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत.

कोनफ्लॉवर सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातलं. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अख्खा फुलोरा असतो. कोनफ्लॉवरची प्रत्येक पाकळीसुद्धा एक फूलच आहे, पण वंध्य. तिच्यात बी धरत नाही. लांबून जाणाऱ्याचं लक्ष वेधायचं, एवढंच तिचं काम. बी धरतं ते बोंडावरच्या फुलांत, आणि ती सगळी एकदम उमलत नाहीत. कडेच्या वेढ्यापासून सुरुवात होते आणि दिवसागणिक फुलणं आत आत सरकत जातं. बाहेरची पंगत उठते तशी आतली बसते.

या पंगतीतल्या एकाच फुलावर भिंग धरून लागोपाठ दोन सकाळी बघण्यासारखं आहे. पहिल्या सकाळी बारीक नळीतून पिवळे परागकण वर ढकलले जातात. त्या दिवशी ते फूल नर असतं. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतून दोन टोकं बाहेर वळलेली कुक्षी वर येते आणि तेच फूल मादी होतं. म्हणजे एकाच बोंडावर आतलं कडं पराग देत असतं आणि त्याच्या लगतचं बाहेरचं कडं पराग मागत असतं. भुंगा येतो तो केशरी काट्यांवर पाय रोवून या कड्याला प्रदक्षिणा घालतो, एकेका फुलात सोंड घालत, मधलं एकही न चुकवता. जुलैच्या दुपारी त्याच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे लोंबत असतात. फेरी पुरी झाली की तो शेजारच्या बोंडावर जातो आणि तिथेही कडेपासूनच सुरुवात करतो.

त्याला शेजारच्या बोंडावर जावंच लागतं, आणि नुसतं शेजारच्याही नाही, शेजारच्या झाडावर. कारण देणारं कडं आणि मागणारं कडं बोटभर अंतरावर असलं तरी त्यांचं आपसात जमत नाही. कोनफ्लॉवरला स्वतःचा पराग चालत नाही. सख्ख्या भावंडांतही पुष्कळदा चालत नाही. नात्याने लांबच्या झाडाचा पराग यावा लागतो. तो आला की कुक्षी दिवसाभरात आक्रसून सुकते. नाही आला तर ती वाट बघत ताजीच उभी राहते, आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त. आत नवी कडी उमलत जातात आणि बाहेरच्या जुन्या कुक्षी तशाच ताटकळत असतात. त्यामुळे बोंडाकडे नुसतं बघून या झाडाचं कसं चाललंय ते सांगता येतं. ताज्या कुक्षींचं एकच अरुंद कडं दिसलं तर सगळं ठीक आहे. रुंद पट्टा दिसला तर परागाचा दुष्काळ.

हे बघायला मी शिकले ते मिनेसोटातल्या एका कामाबद्दल वाचून. शिकागो बोटॅनिक गार्डनचे शास्त्रज्ञ स्टुअर्ट वॅगेनियस १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पश्चिम मिनेसोटात कोनफ्लॉवरचा अभ्यास करतायत. तिथे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधे जुन्या गवताळ प्रदेशाचे, प्रेअरीचे, काही तुकडे उरले आहेत. कुठे रस्त्याच्या कडेला पट्टी, कुठे नांगर न चालणारा उतार. त्यात अरुंद पानांचं कोनफ्लॉवर, एकिनेशिया अँगुस्टिफोलिया, अजून तग धरून आहे. वॅगेनियस आणि त्यांचे सहकारी एकेका झाडावर खूण करून वर्षानुवर्षं त्याची नोंद ठेवतात: कधी फुललं, जवळचं फुललेलं झाड किती अंतरावर होतं, बोंडात किती बी भरलं. या नोंदींतून दिसलं ते मनाला लागण्यासारखं आहे. एकटं पडलेलं झाड दिसायला ठणठणीत असतं. फुलतं, पाकळ्या पसरतं, भुंगेही येतात. पण जुळणारा पराग घेऊन कोणी येत नाही आणि बोंडातलं बहुतेक बी पोचट निघतं. हे झाड दशकानुदशकं जगू शकतं, म्हणून लांबून बघणाऱ्याला कळतही नाही की इथे पुढची पिढी येणं थांबलंय.

२०२० साली त्यांनी दोन दशकांहून अधिक काळाच्या नोंदी मांडून आणखी एक गोष्ट दाखवली. वसंतात गवत जाळलं, की त्या उन्हाळ्यात पुष्कळ जास्त झाडं फुलतात आणि ती एकाच सुमाराला फुलतात. जवळपास फुललेलं झाड असण्याची शक्यता वाढते, आणि तेवढ्यावर बोंडं भरतात. आग जमिनीला खत देते, सावली हटवते हे लोकांना ठाऊक होतं. ती झाडांच्या फुलण्याचा मुहूर्तही एक करते, हे या बोंडांनी सांगितलं. वणवा म्हणजे नुसती हानी, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. ती या एका झाडापुरती तरी मी बाजूला ठेवली.

आमच्या इलिनॉय राज्याला प्रेअरी स्टेट म्हणतात. सरकारी कागद सोडले, तर ती प्रेअरी शोधायला फार हिंडावं लागतं. एकेकाळी इथे सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, राज्याच्या निम्म्याहून जास्त. गवताची मुळं इतकी दाट आणि ही काळी माती इतकी चिकट, की बिडाच्या नांगराला माती लगडून बसायची आणि दर थोड्या पावलांवर थांबून ती खरवडावी लागायची. १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावात जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ बनवला. माती त्यावरून घसरून जायला लागली आणि पुढच्या काही दशकांत प्रेअरी संपली. आज मूळची, चांगल्या अवस्थेतली प्रेअरी दहा हजारांत एक हिस्सा, जेमतेम दोन-अडीच हजार एकर, उरली आहे. तीही कुठे, तर रेल्वेच्या रुळांकडेला आणि पहिल्या वसाहतवाल्यांच्या छोट्या दफनभूम्यांत. कबरी होत्या म्हणून तिथे नांगर घातला गेला नाही.

या दफनभूम्या पालथ्या घालणारे एक प्राध्यापक होते, रॉबर्ट बेट्झ. आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर बटेव्हियाला फर्मीलॅब आहे, कणभौतिकीची मोठी प्रयोगशाळा. तिचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांच्यापुढे बेट्झ यांनी प्रस्ताव ठेवला, की कणांच्या त्वरकाच्या कड्याच्या आतली मोकळी जमीन प्रेअरीला द्या. याला वीस वर्षंही लागतील, जास्तही लागतील, हेही सांगून टाकलं. तसं असेल तर आज दुपारीच सुरुवात करायला हवी, असं विल्सन म्हणाल्याचं तिथले लोक अजून सांगतात. १९७५ साली दहा एकरांच्या आत-बाहेर असलेल्या तुकड्यावर पहिली पेरणी झाली. शरद ऋतूत तिथे स्वयंसेवकांना बी गोळा करायला बोलावतात. मी जाते. डोक्याइतक्या उंच गवतातून कागदी पिशव्या घेऊन चालायचं आणि वाळलेली बोंडं खुडायची. पिवळं, राखाडी बोंडाचं जे कोनफ्लॉवर तिथे माजलेलं असतं, ते एकिनेशियाचं लांबचं नातलग. त्याचं बोंड हातात चुरडलं की बडीशेपेचा वास येतो. दिवसभर तो वास हातमोज्यांना राहतो.

तेव्हा आता घरच्या बागेबद्दल. इथल्या चिकणमातीत कोनफ्लॉवरला फार काही लागत नाही, आणि जे लागत नाही ते घालायचा मोह आवरणं हीच अर्धी निगा आहे. दिवसाचे सहा तास ऊन हवं. पर्प्युरिया मूळचं विरळ रानाच्या कडेचं, म्हणून त्याला थोडी सावली खपते. उघड्या प्रेअरीतलं फिकं कोनफ्लॉवर, पॅलिडा, ते सावलीत लांबट, बारीक वाढतं आणि लोळतं. खत घालू नये. खतावलेल्या मातीत दांडे उंच आणि पोकळ वाढतात आणि जुलैच्या पहिल्या वादळात आडवे होतात. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावं, पुढे दुष्काळ पडला तरच. थंडीला हे झाड भीत नाही. २०१९ च्या जानेवारीअखेरीस इथल्या ओ'हेअर विमानतळावर पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता, आणि त्या मे महिन्यात माझा पट्टा नेहमीसारखा वर आला. हिवाळ्यात त्याला मारतं ते बुडाशी साचलेलं पाणी. म्हणून उताराची जागा बघायची आणि भुशाचं आच्छादन गड्ड्यावर न टाकता चार बोटं लांब टाकायचं.

रोप विकत आणण्यापेक्षा बी पेरणं मला जास्त आवडतं. पर्प्युरियाचं बी थोड्याशा थंडीवर रुजतं. पॅलिडा आणि अँगुस्टिफोलिया मात्र दोन-तीन महिने ओली थंडी सोसल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. आणि ते बरोबरच आहे. ऑक्टोबरच्या उबदार पावसात कोंब फुटला तर डिसेंबरात तो गोठणारच. हा थंडीचा मुक्काम फ्रिजमधे ओल्या वाळूच्या पिशवीत घडवता येतो. त्याहून सोपं म्हणजे दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन मधे कापायचे, बुडाला भोकं पाडायची, चार बोटं माती भरून बी टाकायचं, झाकण काढून कॅन पुन्हा चिकटवायचा आणि जानेवारीत सरळ बर्फात ठेवून द्यायचा. बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो. बियांना आपला महिना आपोआप कळतो. पहिल्या वर्षी नुसती पानं येतात. पर्प्युरिया दुसऱ्या वर्षी फुलतं, पॅलिडा तिसऱ्या किंवा त्याच्याही पुढे. पॅलिडाचं सोटमूळ आधी खाली उतरत असतं. म्हणूनच ते एकदा लावलं की हलवू नये. पर्प्युरियाचं मूळ तंतूंचं, त्याचा गड्डा तीन-चार वर्षांनी वसंतात फोडून वेगळा लावता येतो. ससे कोवळी पानं जमिनीलगत कुरतडतात, तेवढ्यापुरती पहिल्या वर्षी जाळी लावावी.

रंगीत जातींबद्दल माझं मत मी आधीच सांगितल्यात जमा आहे. तरी त्यातल्या मेहनतीबद्दल मला आदर वाटतो. एकिनेशियात मूळची पिवळी जात एकच, ओझार्कच्या डोंगरांतली पॅराडॉक्सा. शिकागो बोटॅनिक गार्डनमधे जिम ऑल्ट यांनी तिचा आणि पर्प्युरियाचा संकर करून पहिलं केशरी कोनफ्लॉवर बनवलं, आणि तिथून पुढे रंगांची रीघ लागली. माझी तक्रार रंगाबद्दल नाही, दुहेरी फुलांबद्दल आहे. दुहेरी जातीत बोंडावरच्या फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. केशरी काटे गेले, परागाची कडी गेली, बी गेलं. डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरने २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं कितीतरी जाती शेजारी शेजारी लावून कोणावर किती कीटक येतात ते मोजलं. एकेरी फुलं पुढे, दुहेरी फार मागे, आणि साधं रानातलं पर्प्युरिया पहिल्या काहींत. भुंग्याने दुहेरी फुलावर उतरून दोन-चार पाकळ्या उचकटून निघून जाताना मी बघितलंय. एका फुलझाडाचं इतकं सुंदर यंत्र मोडून त्याचा झुबका करायचा आणि त्याला सुधारलेली जात म्हणायचं, हे मला पटत नाही.

बोंड मोडणारे आणखीही आहेत. जुलैत जपानी भुंगेरे पाकळ्या कुरतडतात; ते सकाळी गार असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाकावेत. त्याच सुमाराला काही फुलं दांड्यावर मोडून लोंबायला लागतात, कोणी नखाने खुडून अर्धवट सोडल्यागत. ते काम सूर्यफुलावरच्या सोंडकिड्याचं. मादी बोंडाच्या खाली इंचभरावर दांड्याला गोल टोचे मारत जाते आणि मोडलेल्या बोंडात अंडी घालते. लोंबणारी बोंडं काढून घेतली की पुढच्या वर्षीचा त्रास कमी होतो. किडा इथलाच, पिढ्यान्पिढ्या या फुलांबरोबर राहिलेला, म्हणून औषध फवारण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

एका उन्हाळ्यात मात्र जरा गंभीर प्रकार झाला. आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना सकाळी उठून रानात एक फेरी मारायची सवय, इथे रान म्हणजे आमचं अंगण. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. पट्ट्याच्या टोकाच्या एका झाडावर पाकळ्या हिरव्याच राहिल्या होत्या, आखूड, चमच्याच्या आकाराच्या. बोंडातून काट्यांच्या जागी छोटी छोटी पानं बाहेर आली होती, आणि एका बोंडातून तर देठ फुटून त्याच्या टोकाला दुसरं हिरवं बोंड आलं होतं. मी आधी दोन पावलं मागे सरले. बाबा खाली बसले, पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "आपल्या वांग्यावर येतो तोच हा. पर्णगुच्छ. फळ धरायचं सोडून नुसता पाल्याचा झुबका होतो, बघितलायंस ना तू? तुडतुड्यांनी आणलाय. उपट मुळासकट, बाकीच्यांना लागंल."

बाबांनी कधी कोनफ्लॉवर बघितलं नव्हतं, पण निदान बरोबर होतं. इथे या रोगाला अ‍ॅस्टर यलोज म्हणतात. वांग्यावरचा पर्णगुच्छ आणि हा, दोन्ही फायटोप्लाझ्मा नावाच्या भिंत नसलेल्या सूक्ष्मजीवांमुळे होतात आणि दोन्ही तुडतुडेच पसरवतात. इथले तुडतुडे दर वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यांबरोबर शेकडो मैल वर येतात. औषध नाही. इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधे या जिवाणूचा छडा लावताना दिसलं, की तो एक प्रथिन सोडतो, त्याने झाड फूल बनवण्याचे हुकूम विसरतं आणि फुलाच्या जागी पानं काढतं. आणि अशा पानाळ झाडावर तुडतुडे जास्त येतात. झाडाचा पुढचा वंश थांबवून जिवाणू आपला वाढवतो. फुलाचं बोंड होणं ही केवढी नाजूक आज्ञा आहे आणि ती बिघडवायला किती थोडं पुरतं, हे मला त्या झाडाने दाखवलं. एक खूण मात्र लक्षात ठेवावी. अतिसूक्ष्म कोळ्यांमुळेही बोंडावर वेडेवाकडे झुबके येतात, पण ते बोंडापुरतेच असतात, त्यांचा रंग बोंडाचाच असतो आणि बाकी झाड हिरवंगार असतं. तिथे तेवढं बोंड कापून भागतं. उगाच अख्खं झाड उपटू नये.

उपटलेल्या झाडाची मुळं नळाखाली धुतली तेव्हा बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, मला नको म्हणायची सवड न देता. जरा वेळाने म्हणाले, "अक्कलकारा गं हा. जीभ चुणचुणतीय." तेही खरं. दाढ दुखली की आपल्याकडे अक्कलकाऱ्याचं बोंड चावायला देतात. तोही याच कुळातला आणि जिभेला बधिर करणारी दोन्हींतली द्रव्यं एकाच गटातली. लाकोटा, शायेन, पॉनी, ओमाहा या इथल्या मूळच्या लोकांनी अँगुस्टिफोलियाचं मूळ दाढदुखीला, घशाला, सर्पदंशाला पिढ्यान्पिढ्या वापरलं. त्यांच्याकडून ते नेब्रास्कातल्या मायर नावाच्या औषधविक्याकडे आलं. आपल्या औषधाची खात्री पटवायला त्याने सिनसिनाटीच्या तज्ज्ञांना कळवलं होतं, की मी तुमच्यासमोर रॅटल साप चावून घेतो. पुढे १९३० च्या दशकात जर्मनीच्या गेरहार्ड माडाउस यांनी शिकागोहून बी मागवलं. ते उगवून आलं पर्प्युरिया, आणि युरोपातलं पुष्कळ संशोधन त्यामुळे त्याच जातीवर झालं. सर्दीवर याचा फारसा उपयोग नाही, असं २००५ च्या एका मोठ्या चाचणीत निघालं. त्याआधी आणि नंतरही जेव्हा जेव्हा मागणी वाढली तेव्हा रानातली मुळं पोत्यांनी खणली गेली. मूळ काढलेल्या झाडाला बोंड येत नाही. मी सर्दीला सुंठ घेते.

ऑगस्टअखेर पाकळ्या वाळून चिंध्या होतात आणि बोंड काळपट पडतं. इथे आईचं आणि माझं वाजलं. आईच्या हातची शेवंती गावात प्रसिद्ध आहे, आणि वाळलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही हा तिचा नेम. गणपतीत जास्वंद मिळेना म्हणून तिने गौरीपुढे कोनफ्लॉवरच मांडली होती, कौतुकाने. आता तिच्या हातात कात्री होती. "अगं, केवढं वाळलंय हे. खुडलं तर परत फुलं येतील की." आली असती. जुलैत पहिली फुलं खुडली तर नवी येतात, आणि तेव्हा मीही थोडी खुडते. पण ऑगस्टनंतर नाही. मी तिला म्हटलं, "आई, राहू दे. आता त्याच्यात बी भरतंय." ती काही पटल्यासारखी दिसली नाही.

पटवलं ते गोल्डफिंचने. हा चिमणीहून लहान पक्षी, नर लिंबासारखा पिवळा, काळी टोपी, काळे पंख. बहुतेक पक्ष्यांची पिल्लं उडून जातात तेव्हा याचं घरटं सुरू होतं, कारण हा पिल्लांनाही बीच भरवतो आणि बी आत्ता तयार होतं. तो बोंडाच्या माथ्यावर बसतो, दांडा वाकतो, त्याला त्याचं काही नाही. काट्यांमधे चोच खुपसून एकेक चौकोनी, फिकट बी ओढतो, चोचीत फिरवतो, टरफल टाकतो. आई खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी राहायला लागली. कात्री तिने स्वतःच खणात ठेवली.

मग बोंडं हिवाळाभर उभी राहतात. शिकागोतल्या मिलेनियम पार्कमधली लुरी गार्डन २००४ मधे उघडली. तिची लागवड योजणारे पीट औडोल्फ यांनी वाळलेली बोंडं हा बागेचा एक ऋतूच मानला, आणि तिथे जानेवारीत लोक ती बघायला येतात. उपनगरात एवढी मुभा नाही. आमच्या गल्लीत हिरवळ एका उंचीची आणि नोव्हेंबरात सगळे वाफे रिकामे, हा शिरस्ता. एकदा तर माझ्या पट्ट्याबद्दल तक्रारीची चिठ्ठीही दारात येऊन पडली. मी पट्ट्याच्या कडेने विटांची सरळ ओळ लावली आणि एक छोटी पाटी रोवली, की इथली बोंडं पाखरांसाठी ठेवली आहेत. त्यानंतर चिठ्ठी आली नाही. उलट समोरच्या घरातल्या वयस्कर बाई एक दिवस रस्ता ओलांडून विचारायला आल्या, की हिवाळ्यात पिवळे दिसत नाहीत ते पक्षी जातात कुठे. ते जात नाहीत, नुसता रंग उतरवतात. बोंडावर बसलेले ते मातकट हिरवे पक्षी तेच. त्यांनी त्या दिवशी बराच वेळ थांबून बघितलं. बोंडाखालच्या बर्फावर टरफलांचा सडा पडला होता.

दांडे मी एप्रिलमधे कापते, आणि तेही बुडापासून नाही, गुडघ्याच्या थोडं खाली. कापलेल्या दांड्यांच्या भेंडात छोट्या एकांड्या मधमाश्या घरं करतात. पाखरांच्या तावडीतून सुटलेलं बी मे महिन्यात पट्टाभर उगवतं, दोन खरखरीत पानं, मग चार. पूर्वी मी ती सगळी रोपं तिथेच वाढू देत असे. आता तसं करत नाही. माझ्या पट्ट्यातली बहुतेक झाडं एकाच आणलेल्या बियांची, म्हणजे एकमेकांची भावंडं आणि त्यांची पोरं, आणि मागच्या दोन उन्हाळ्यांत काही बोंडांवर ताज्या कुक्षींचं कडं मला जरा जास्तच रुंद वाटलं.

समोरच्या बाईंकडे त्यांच्या आईच्या शेतघरावरून आणलेलं पर्प्युरिया आहे, गॅरेजच्या मागे, कोणाच्या लक्षात न येणारं. दक्षिण इलिनॉयचं, माझ्याशी काही नातं नसलेलं. यंदा मे महिन्यात आम्ही अदलाबदल केली. त्यांच्या गड्ड्याचे तुकडे माझ्या पट्ट्यात मधे मधे लावले, माझी रोपं त्यांच्या दाराशी गेली, आणि त्यांच्या पलीकडच्या घरातल्या तरुण जोडप्यानेही एक कुंडी मागून घेतली. रस्ता ओलांडायला भुंग्याला कितीसा वेळ लागतो. जुलैत रोज सकाळी कडी बघायची आहेत, दोन्हीकडची.